चंद्रीची हजेरी

पंचेचाळिशी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, थोरल्या लेकीसाठी स्थळं बघणं सुरू झालं, आणि नेमकं त्याच साली खात्यानं हवालदार सत्यभामाला दीदी करून टाकलं. वरून कागद आला होता. प्रत्येक ठाण्यानं आपल्या हद्दीतल्या शाळांसाठी एक 'पोलीस दीदी' नेमावी, तिनं पोरांत मिसळावं, पोरांच्या मनातली खाकीची भीती घालवावी. ठाण्यात बाया दोनच, त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर. त्यामुळं निवड करायचा त्रास साहेबांना पडला नाही.

सत्यभामाचा नवरा एसटीच्या डेपोत मेकॅनिक. तो म्हणाला, "तू दीदी, मग मी काय, पोरांचा जिजाजी का?"

"तुमी डबा भरून द्यायचा," ती म्हणाली.

पहिली शाळा मिळाली माळेवाडीची. कडा गावच्या बाजाराकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून दोन खोल्या, एक वऱ्हांडा, समोर लिंबाचं झाड. पावसाळा संपला म्हणायचं तर तो आधी सुरू व्हावा लागतो. त्या साली तो कॅलेंडरातच येऊन गेला होता. शाळेच्या हौदात पाल फिरत होती. पोरं घरून बाटलीत पाणी आणायची, आणि त्यातलं थोडं खिचडीच्या पातेल्यात ओतायची. गावाबाहेरच्या माळावर सोसायटीची चारा छावणी पडलेली. दिवाळी तोंडावर आलेली, आणि दिवाळी झाली की निम्मं गाव ऊस तोडायला कारखान्यावर जाणार, हे दरसालचंच.

सत्यभामानं मोटारसायकल लिंबाखाली लावली तेव्हा वर्ग असा चिडीचूप झाला की तिचं तिलाच कसं तरी वाटलं. पोरं बाकाखाली बघत होती. मग तिनं खिशातली शिट्टी काढली आणि पहिल्या रांगेतल्या एका टकलू पोराच्या हातात दिली. "वाजव."

पोरानं मास्तरांकडं बघितलं. मास्तरांनी मान हलवली. पोरानं अशी काही वाजवली की माळावरच्या छावणीतली गुरंसुद्धा हंबरली. वर्ग हसला, आणि तिथून पुढं सगळं सोपं झालं.

"पोलीस कुणाला धरतो?"

"चोराला!"

"आणखी?"

"दारुड्याला!"

"आणखी?"

"आमच्या चुलत्याला!"

शहादेव गुरुजी दोन खोल्यांतले चार वर्ग एकटेच सांभाळायचे. माणूस गरीब, आवाज त्याहून गरीब. ते खूश होऊन म्हणाले, "दीदी, आजची हजेरी तुमीच घ्या. मी तर कधी पुकारीतच न्हाई. आल्या आल्या नजर फिरवतो अन् मांडून टाकतो. सगळी तोंडपाठ हायत. आज पोरांना मजा वाटंल."

सत्यभामानं हजेरीपट उघडला आणि ठाण्यात काढते तोच आवाज काढला. एकेक पोर उठून "हजर!" म्हणत होतं, कुणी सलाम ठोकत होतं. तिसरीत आली तेव्हा तिनं पुकारलं, "चंद्रभागा गहिनीनाथ!"

खिडकीजवळून एक काटकुळी पोरगी उठली. लाल रिबिनीच्या दोन वेण्या, फ्रॉकला मागून सेफ्टी पिना. हजर न म्हणता ती बाकांमधून चालत टेबलापाशी आली आणि डाव्या हाताचा अंगठा पुढं करून उभी राहिली.

वर्गात हशा पिकला. सत्यभामालाही हसू आलं. "अगं, अंगठा कशाला? तू काय अडाणी हायस का? हजर म्हण निस्तं." तिनं तो इवलासा अंगठा आपल्या बोटानं दाबला.

"हजर," पोरगी पुटपुटली. मग तिनं अंगठा केसांत घासून पुसला, वळली, आणि जाग्यावर न जाता सरळ दाराबाहेर गेली.

"लघवीला गेली असंल," गुरुजी म्हणाले.

सत्यभामानं पुढचं नाव पुकारलं.

*

पुढच्या खेपेला ती आली तेव्हा खिडकीजवळच्या खिळ्याला एक दप्तर लटकत होतं. कापडी, युरियाच्या गोणीचं शिवलेलं.

"त्या अंगठेवालीचं का?" तिनं विचारलं.

गुरुजी ओशाळले. "व्हय. चंद्रीचं. तुमी आलतात त्याच दिवशी गेली, ती गेलीच. दप्तर न्यायला बी आली न्हाई. मी दोनदा घरी जाऊन आलो. कोठीमागं लपून बसती." मग जरा थांबून, तिला बोल लागू नये अशा बेतानं म्हणाले, "तुमच्यामुळं असं न्हाई मनत मी. पर त्याच दिवसापासून."

सत्यभामाला हे लागलं. पोरांची भीती घालवायला आली, आणि एक पोर कायमचं घालवून बसली. वर कळवायच्या तक्त्यात या गोष्टीसाठी रकाना नव्हता.

"आजारी असंल," ती म्हणाली.

"आजारी न्हाई. अन् दिवस तर वाईट हायत, दीदी. तिचे मायबाप दिवाळी झाली का कारखान्यावर जाणार. मागं राहणाऱ्या पोरांसाठी शाळेत हंगामी वसतिगृह चालवतो आमी. दोन टाइम जेवण शाळेत, झोपायला आजीपाशी. पर नाव घालायचं तर पोरगी शाळेत दिसली पायजे. न दिसणाऱ्या पोरीचं नाव मी कोणत्या तोंडानं घालू? न्हाई घातलं, तर ती जाते गाडीत बसून. भावाला संबाळायला."

"मग हंगाम संपल्यावर येईल परत."

गुरुजींनी तिच्याकडं बघितलं, आणि बाईला जिल्ह्यातलं काही माहीत नाही की माहीत असून बोलती, ते त्यांना ठरवता येईना.

सत्यभामाला माहीत होतं. तिच्या वर्गातल्या अशा किती जणी गाडीत बसून गेल्या होत्या. त्या पुढं तिला भेटल्या त्या लग्नातच, आणि त्यांच्याच.

*

घर सापडायला वेळ लागला नाही. दारात ताडपत्री पसरलेली, तिच्यावर पातेली, स्टोव्ह, पिठाचं गाठोडं, चिंध्यांत गुंडाळलेले दोन कोयते. बांधाबांध चालली होती. झोळीत एक पोरगं झोपलेलं. उंबऱ्यावर चंद्रीची आजी, बायनाबाई, मिसरी लावत बसली होती. तिनं खाकी कपडे बघितले आणि तोंडातलं बोट काढलं.

"या पोलीसबाई. लई उशीर केला तुमी."

"उशीर?"

"हिला दोन वर्साची असल्यापून सांगायले मी, जेव न्हाईतर पोलिसाला देते, झोप न्हाईतर पोलिसाला देते. तुमच्याच नावावर तर वाढवली मना की पोरगी. आता आलाव तर घेऊनच जावा."

"आत्याबाई, गप बसा की," आतून सून आली. पदरानं हात पुसत तिनं पोतं अंथरलं. हिचं नाव कौशल्या. तोंडावर थकवा, पण बोलणं सरळ. "बसा म्याडम. आत्याबाईंच्या बोलण्याचं मनावर घिऊ नका, त्या देवाला बी सोडीत न्हाईत."

"देवानं पाऊस पाडला असता तर सोडलं असतं," म्हातारी म्हणाली.

सत्यभामा बसली. कोठीमागं लाल रिबिनीचं टोक दिसत होतं. ती त्या टोकाकडं बघून म्हणाली, "चंद्रे, दप्तर वाट बघायलंय तुझी."

रिबीन आत गेली.

"कौशल्याबाई, हिला न्यायचं ठरलंय का?"

"मला काय हौस हाय का?" कौशल्या झोळीला झोका देत म्हणाली. "शाळंत जात असती तर कोण न्हेत व्हतं? हितं ठिवून काय करू? आत्याबाईला धड दिसत न्हाई. पोरगी दिसभर कोठीमागं बसणार. तिथं बारक्याला तरी बगंल. उसाच्या फडात सोडलेलं लेकरू म्हंजी जिवाला घोर असतोय." मग ती कोयत्यांच्या गाठोड्याची गाठ उगंच सोडून पुन्हा बांधायला लागली. "मी बी अशीच बसलते गाडीत. चौथीत व्हते. एकदा बसले ती उतरलेच न्हाई बगा."

मग कोठीमागून एक बारीक आवाज आला.

"मी काय केलं?"

"हे बगा," बायनाबाई म्हणाली, "रोज हेच. 'मी काय केलं, मी काय केलं.' काय केलंस मनावं? भांडी तरी घासलीस का?"

"काही नाही केलं गं बाळा," सत्यभामा म्हणाली. पण तिचा आवाज ठाण्यातच मुरलेला. मऊ करायला गेली की उलटतपासणी करतोय असा वाटायचा. रिबीन दिसेनाशी झाली.

निघताना तिनं विचारलं, "मालक कुठं गेलेत?"

"छावणीत. बैलांपाशी."

आणि मग तिच्या डोक्यात उजेड पडला. चंद्रभागा गहिनीनाथ. गहिनीनाथ माळेवाडीचा. हा तर तिचा सोमवारचा माणूस.

*

गहिनीनाथाचं प्रकरण साऱ्या ठाण्याला तोंडपाठ होतं. छावणी उघडली तेव्हा सोसायटीचे चेअरमन मोहनराव यांनी ज्या गुरांच्या कानात बिल्ला तीच दावणीला, असा नियम काढला. बिल्ले आपल्या आपल्यांत वाटले गेले, गहिनीनाथाची जोडी राहिली. तो रोज बैल घेऊन जायचा आणि रोज परत आणायचा. एके दिवशी उसाच्या वाढ्यांचा, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पाल्याचा, ट्रक आला, तशी त्यानं बैलांच्या वेसणी सोडल्या आणि म्हणाला, "जा, तुमचं तुमी बगा." बैलांनी बघितलं. ट्रकच्या मागच्या फळीला तोंडं लावून त्यांनी जेवायला सुरुवात केली. ढकलाढकलीत तलाठ्याच्या शर्टाची बटणं तुटली, आणि बैलांचं जेवण हे सरकारी कामात अडथळा ठरलं. गहिनीनाथाला जामीन मिळाला तो दर सोमवारी ठाण्यात हजेरी द्यायच्या अटीवर. गाजावाजा झाल्यावर मोहनरावांनी मुकाट्यानं त्या जोडीच्या कानात बिल्ले मारले. बैलांना बिल्ला मिळाला आणि मालकाला हजेरी.

आता हंगामासाठी कारखान्याजवळच्या ठाण्यात हजेरी द्यायची मुभा कोर्टानं दिली होती. म्हणजे हा त्याचा इथला शेवटचा सोमवार.

तो आला, चपला बाहेर काढून. दर वेळी सांगून दमली होती सत्यभामा, हे देऊळ नाही म्हणून. तिनं वही पुढं केली, पुकारलं, "गहिनीनाथ."

"हजर."

त्यानं डावा अंगठा शाईच्या पॅडवर दाबला, वहीत उठवला, आणि अंगठा केसांत घासून पुसला.

सत्यभामाचा हात वहीवरच राहिला.

"थांब. परत कर."

"काय, म्याडम?"

"अंगठा पूस."

"पुसला की."

"परत पूस. मघासारखा."

गहिनीनाथानं दाराकडं बघितलं. सोबतीला कुणी साक्षीदार आहे का ते तो बघत असावा. मग त्यानं भीतभीत अंगठा पुन्हा केसांत घासला. डोकं जरा वाकडं करून, कानाच्या वर. अगदी तसंच.

"पोरीला कधी आणली होतीस इथं?"

"चंद्रीला? एकदा आणलती. आई दवाखान्यात व्हती, ही कामावर. घरी कुणाच्या जिवावर सोडू? तुमीच व्हतात की त्या दिवशी. बिस्किट दिलतं तिला."

तिला बिस्किट आठवलं. पोर आठवली नाही.

"काय सांगितलंस तिला? इथं काय चाललंय म्हणून विचारलं असेल ना तिनं."

"इचारलं की. मी मनलं, आपलं नाव पुकारलं का हजर मनायचं, अंगठा द्यायचा, मग सोडतेत घरी."

"आणि नाही दिला तर?"

"तर ठिवून घेतेत मनलं." तो गोंधळून म्हणाला, "खोटं सांगितलं का मी?"

"खोटं नाही," सत्यभामा म्हणाली. तीच तर अडचण होती.

तिनं त्याला बसवलं आणि शाळेतला सगळा प्रकार सांगितला. गहिनीनाथ ऐकत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला. पोरीचं काहीच चुकलं नव्हतं. बापानं शिकवलं ते शिकली होती. जी बाई बापाचं नाव पुकारायची, तीच एक दिवस वर्गात आली आणि तिनं तिचंही नाव पुकारलं. पोरीनं अंगठा दिला, हजर म्हणाली, सुटली, घरी गेली. दुसऱ्यांदा कशाला येईल? आणि तेव्हापासून घरभर एकच विचारत होती, मी काय केलं.

"आयला," गहिनीनाथ म्हणाला, आणि उठायला लागला. मग म्हणाला, "आता समजावून सांगतो तिला घरी जाऊन."

"काय सांगशील?"

तो परत बसला. "ती हजेरी येगळी अन् ही हजेरी येगळी."

"कशी वेगळी?"

गहिनीनाथ डोकं खाजवायला लागला. दारातून हजेरी मास्तर रामहरी आत आला. ठाण्यातल्या माणसांची रोजची हजेरी घेणं आणि ड्युट्या वाटणं हे त्याचं काम, आणि सगळ्यांच्या शिव्या खाणं हे दुसरं काम. "सत्यभामाबाई, उद्या बाजार बंदोबस्त तुमच्याकडं. सकाळच्या हजेरीला उशीर नको, सांगून ठेवतो."

सत्यभामा त्याच्याकडं बघत राहिली. नोकरी लागल्यापासून रोज सकाळी तिचं नाव पुकारलं जात होतं, रोज ती हजर म्हणत होती, आणि या शब्दाचा तिनं कधी विचारच केला नव्हता.

"गहिनीनाथ," ती म्हणाली, "परवा सकाळी पोरीला घेऊन ये ठाण्यात."

"परवा? माझी हजेरी तर आज झाली."

"तुझी नाही. माझी."

*

परवा सकाळी गहिनीनाथ आला तेव्हा चंद्री त्याच्या पाठीमागं अशी चिकटली होती की लांबून त्याला चार पाय दिसत होते. ती कशी आली, हे सत्यभामानं नंतर विचारलं. "दीदीला पकडलंय, तिची हजेरी हाय, चल बगायला," असं बापानं सांगितलं होतं. ठाण्यात माणूस राहून राहून पोलिसांचा गुण लागतो, तो असा.

साहेबांना तिनं आदल्या दिवशीच विचारून ठेवलं होतं. साहेब तरुण, नागपूरकडचे. "पाहुणी कोण? आरोपी का फिर्यादी?" त्यांनी विचारलं होतं. "तिसरीतली आहे साहेब," सत्यभामा म्हणाली होती.

आवारात सगळे रांगेत उभे राहिले. पोटं आत घेतली, टोप्या सरळ केल्या. सत्यभामा टोकाला. बापाच्या पायजम्यामागून एक डोळा तिच्यावर रोखलेला होता. रामहरीनं वही उघडली आणि पुकारायला सुरुवात केली. एकेक पुढं येत म्हणत होता, "हजर!" मिशावाला जमादार म्हणाला, ड्रायव्हर म्हणाला, कोठडीच्या दारावरचा पहारेकरी म्हणाला.

"हवालदार सत्यभामा!"

"हजर!" ती एवढ्या जोरात ओरडली की आवारातल्या झाडावरचे कावळे उडाले. भरती झाली त्या दिवसानंतर ती इतक्या जोरात म्हणाली नसेल. रामहरीनं दचकून वहीतून मान वर काढली.

हजेरी संपली. कुणी हलायच्या आत पायजम्यामागून आवाज आला.

"दीदी, तुमी काय केलं व्हतं?"

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग जमादार खोकल्यासारखं हसला, आणि मग सगळी रांगच फुटली. साहेब तोंड फिरवून पाण्याच्या टाकीकडं बघायला लागले. "सांगा की बाई," रामहरी म्हणाला, "काय केलं व्हतं तुमी?"

सत्यभामा आपले कुरकुरते गुडघे वाकवून चंद्रीसमोर बसली. "मी काहीच नाही केलं गं. हे बघ, ह्या मिशावाल्यानं बी काही नाही केलं. करायला पाहिजे, पण करत नाही. हजेरी म्हणजे, हाय का न्हाई एवढं बघायचं. हाय तर हजर म्हणायचं. संपलं."

"मग अंगठा?"

"अंगठा नाही. फक्त हजर."

चंद्री थोडी पुढं आली. एक हात बापाच्या पायजम्याला धरलेलाच. "मग मी काय केलं न्हाई?"

"काही नाही."

"मग दादानं काय केलं?"

बापाला ती दादा म्हणायची. गहिनीनाथानं जमिनीकडं बघितलं. सत्यभामानं त्याच्याकडं बघितलं. खोटं बोलायची ही जागा नव्हती आणि खरं बोलायला तलाठ्याच्या बटणांपासून सुरुवात करावी लागली असती.

"दादाच्या बैलांनी वाढं खाल्लं," ती म्हणाली. "ट्रकातलं."

"भूक लागली व्हती त्यांना."

"होय."

"मग बैलांची हजेरी कावून घेत न्हाईत?"

"घेतात की. छावणीत रोज मोजतात. कानात बिल्ला नाही का?"

हे चंद्रीला पटलं. बराच वेळ तिनं मनात ते घोळवलं असावं, कारण बाप निघाला, फाटकापर्यंत गेला, तेव्हा ती मागं वळून म्हणाली, "अन् आमच्या दादाची तुमी वाट बगता का? सोमवारी?"

"बघते की," सत्यभामा म्हणाली. "बघावीच लागते."

पण शाळेत येतेस का विचारल्यावर ती परत बापामागं सरकली. बापाच्या बोटाला धरून गेली. सत्यभामानं मोटारसायकल काढली आणि माळेवाडी गाठली. शहादेव गुरुजी खडू शोधत होते.

"गुरुजी, उद्यापासून हजेरी पुकारायची."

"कावून? मला सगळी तोंडपाठ..."

"तुम्हाला हायत. पोरांना ऐकू आली पाहिजेत. आणि चंद्रीचं नाव सोडायचं नाही. पुकारायचं, आणि जरा थांबायचं. वर्गात नको, वऱ्हांड्यात बसवा पोरं."

"माझा आवाज बसका हाय, दीदी."

"मग शिट्टी देऊ का?"

*

गाडी लागली ती शाळेपुढच्याच लिंबाखाली. सावली गावात तेवढीच उरली होती. ट्रकात गाठोडी, ताडपत्र्या, उलटी टांगलेली कोंबडी, एक करडू, आणि त्यांच्यामधून माणसं. रस्त्यावर गाड्या अडकू नयेत म्हणून सत्यभामा तिथं उभी होती. म्हणजे कागदावर तरी तसंच होतं.

कौशल्या वर चढून बसली होती, मांडीवर बारका. शेजारी पिठाच्या गाठोड्यावर चंद्री. नव्या रिबिनी, दिवाळीच्या. बायनाबाई खाली उभी राहून चाचपडत गाडीच्या फळीवरून हात फिरवत होती. कुणाचा पाय लागतो ते बघत होती बहुतेक.

"चंद्रे, आता पोलिसाला कोण देईल गं तुला?" म्हातारी म्हणाली. तिनं नाक शिंकरलं, जसं काही मिसरीच लागली.

मुकादम पंडित टायरवर पाय देऊन माणसं मोजायला लागला. "चला, पुकारतो, आवाज द्या! शहाजी!"

"हाय!"

"गहिनीनाथ!"

"हाय!"

"कौशल्या!"

"हाय की, दिसायले न्हाई का?"

आणि त्याच वेळी शाळेच्या वऱ्हांड्यातून दुसरा एक आवाज यायला लागला. गरीब, बसका, पण आज शीर ताणून काढलेला. शहादेव गुरुजी हजेरीपट छातीशी धरून उभे होते. एकीकडून "हाय", दुसरीकडून "हजर". मुकादमाचा गोंधळ उडाला. "ओ गुरुजी, जरा थांबा की बे... जरा थांबा की हो!" त्यानं जीभ चावली.

गुरुजी थांबले नाहीत. पहिली झाली, दुसरी झाली.

"चंद्रभागा गहिनीनाथ!"

वऱ्हांड्यातली पोरं वळून ट्रककडं बघायला लागली. गुरुजी थांबले. सत्यभामानं मुद्दामच दुसरीकडं बघितलं, रस्त्याकडं, जिथं अडकायला एक सायकलसुद्धा नव्हती. तिला वाटलं, आपण एक अक्षर बोललो तर ते ठाण्याचं होईल.

ड्रायव्हरनं गाडी चालू केली. फळ्या थरथरल्या.

"चंद्रभागा गहिनीनाथ!" गुरुजींनी पुन्हा पुकारलं. शेवटी आवाज चिरकला.

गाठोड्यावरची पोरगी उभी राहिली. आईकडं बघितलं, बापाकडं बघितलं, मग गाडीच्या आवाजावर ताण करून ओरडली,

"हजर!"

"आता हजर तर जा की!" कौशल्या म्हणाली. रागावल्यासारखी. तिनं बारक्याला एका काखेत मारलं आणि दुसऱ्या हातानं पोरीला फळीपाशी ढकललं. "मी झोळी बांधीन त्याला. जा. मागं बगू नको. ए, भाकर घेऊन जा!"

गहिनीनाथानं लेकीला खांद्याला धरून खाली सोडलं. खाली बायनाबाईचे हात होतेच. ते आधी हवेत फिरले, मग रिबिनीला लागले, आणि मग त्यांनी पोर घट्ट धरली.

गाडी हलली. गहिनीनाथ फळीवरून ओणवा होऊन बघत राहिला. त्यानं डोळ्याला डावा अंगठा लावला, आणि सवयीनं तो केसांत घासून पुसला.

धूळ खाली बसेपर्यंत चंद्री फाटकात उभी होती. मग वऱ्हांड्याची पायरी चढली, आत जाऊन खिळ्यावरचं दप्तर घेऊन आली, झटकलं. गुरुजी हजेरीपटात तिच्या नावापुढं लिहीत होते. ते तिनं मान वाकडी करून नीट बघून घेतलं. मग रस्त्याकडं वळून ओरडली,

"दीदी, तुमची झाली का?"

"झाली की," सत्यभामा म्हणाली. "सकाळीच."

चंद्रीनं मान डोलावली आणि खाली बसली. गुरुजींनी घसा खाकरला आणि पुढचं नाव पुकारलं.